श्रावणात सरपण धुमसतं: कोकणातल्या साठवणीचं दरवर्षीचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

मे महिन्यात कडकडीत वाळलेली म्हणून भरलेली लाकडं आषाढ संपता संपता चुलीत घातली, की टोकातून फेस येतो, आतलं पाणी चुरचुरतं आणि घरभर धूर होतो. ढिगाच्या तळाची लाकडं काढावीत तर त्यांना पांढरी बुरशी, मधल्या थरात पिठासारखा भुगा, भिंतीकडच्या बाजूला वाळवीची माती. मग पुढच्या वर्षी आणखी मोठी ताडपत्री आणली जाते आणि तक्रार होती तशीच राहते. निम्म्याहून अधिक ठिकाणी खरा दोष त्या ताडपत्रीत आणि मार्चमध्ये न फोडलेल्या ओंडक्यांत असतो. पावसाचा त्यात वाटा फार थोडा.

इथलं सगळं सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड आणि घाटमाथ्याच्या हवेला धरून लिहिलं आहे. जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि महिनोन् महिने न हटणारी दमट हवा, असा हा पट्टा. देशावर किंवा मराठवाड्यात लाकूड उघड्यावरही वाळतं. तिथे वाळवीचा भाग वाचला तरी पुरे.

आधी दोष लाकडाचा की चुलीचा, ते ठरवा

एक लाकूड बारीक फोडून दोन दिवस चुलीजवळ ठेवा आणि मग तेच एकटं पेटवून बघा. तेही धूर करत असेल तर लाकडांना दोष देऊ नका. राख साचली असेल, चुलीच्या तोंडात लाकडं कोंबून भरली जात असतील, धुराडं काजळीने बुजलं असेल. खालून हवा मिळाली नाही तर उत्तम वाळलेली बाभूळही धुमसते. राख रोज काढा आणि लाकडाखाली दोन-तीन बोटं मोकळी राहतील अशी लोखंडी जाळी ठेवा. काही घरांत तक्रार इथेच मिटते.

ते लाकूड स्वच्छ जळलं तर दोष साठ्याचा. ढिगाच्या मधलं एक जाड लाकूड काढा, उभं फोडा आणि फोडलेला ताजा भाग गालाला लावा. थंड, दमट लागला तर लाकूड आतून ओलं आहे. वरची साल ओली पण आतला भाग कोरडा लागला, तर लाकूड वाळलेलं होतं आणि नंतर वरवर भिजलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वरवर भिजलेलं लाकूड वारा लागेल अशा जागी दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतं. आतून ओलं लाकूड मात्र भर पावसाळ्यात ढिगात राहून वाळत नाही.

दोन लाकडं एकमेकांवर आपटून येणारा खणखणीत किंवा बद्द आवाज हीही जुनी खूण आहे आणि ती बरीच भरवशाची आहे. टोकाला पडलेल्या चिरांवर मात्र विसंबू नका. चिरा टोक वाळल्याचं सांगतात, मधल्या भागाचं काहीच सांगत नाहीत. दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र असेल तर सुया सालीत किंवा टोकात न खुपसता नुकत्याच फोडलेल्या आतल्या बाजूवर टेकवा. यंत्र सुक्या लाकडाच्या शंभर भागांमागे किती भाग पाणी आहे ते दाखवतं. २० च्या खाली आकडा आला तर लाकूड चुलीत घालण्याजोगं झालं. २५ च्या वर धूर ठरलेला.

आतून ओलं राहिलेलं लाकूड

ताज्या तोडीच्या लाकडात या मापाने ५० ते ६० किंवा त्याहूनही जास्त ओलावा असतो. लाकडातल्या नळ्या उभ्या असतात, त्यामुळे पाणी टोकांकडून झपाट्याने बाहेर पडतं आणि आडव्या दिशेने त्याच्या दहा-पंधरा पट सावकाश. सालीतून तर जवळजवळ पडतच नाही. म्हणजे चार फुटी, सालीसकट, न फोडलेला ओंडका उन्हात कितीही दिवस ठेवला तरी तो दोन्ही टोकांना वीतभर वाळतो आणि मध्ये ओलाच राहतो. बहुतेक घरांत नेमकं हेच होतं. लाकडं जानेवारीत येतात, अंगणात ओंडक्यांच्या रूपात पडून राहतात आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, आभाळ आलं की घाईने फोडून आत टाकली जातात. बाहेर चार महिने काढले म्हणून ती वाळली, असं घरातले धरून चालतात.

उलट करायला हवं. लाकूड आलं की त्याच आठवड्यात चुलीच्या मापाने कापा, म्हणजे साधारण १४ ते १८ इंच. मग फोडा. मनगटाएवढं जाड, तीन ते चार इंच, याहून जाड लाकूड एका उन्हाळ्यात आतपर्यंत वाळेल याची खात्री नाही. न्हाणीच्या चुलीसाठी पाच इंचांपर्यंत चालतं, पण त्यालाही निदान एक फट पाडाच. ओल्या लाकडाला कुऱ्हाड सहसा लवकर लागते. ऐन, किंजळ अशा कठीण झाडांची लाकडं वाळल्यावर दगडासारखी होतात आणि पाचर-घणाशिवाय दाद देत नाहीत. म्हणजे लवकर फोडण्यात कष्टही वाचतात. गाठीचे तुकडे वेगळे काढा. ते न्हाणीला घाला, त्यांच्यावर कुऱ्हाडीची धार घालवू नका.

फोडलेली लाकडं ढीग करून टाकू नका, अंगणातच रचा. एक थर उभा, एक आडवा असा चौकोनी मनोरा करा, प्रत्येक दोन लाकडांत बोटभर फट ठेवा, सालीची बाजू वर करा. डिसेंबर-जानेवारीत फोडून असं रचलेलं लाकूड एप्रिलअखेर १५ च्या आसपास येतं. मार्चमध्ये फोडलेलंही मेअखेर बहुधा २० च्या खाली जातं. एप्रिलच्या मध्यानंतर तोडलेल्या लाकडावर यंदा भिस्त ठेवू नका, ते पुढच्या वर्षीचं समजा.

वाळलं की नाही ते वजनावरून अचूक कळतं आणि त्याला यंत्रही लागत नाही. रचाईच्या मधली तीन लाकडं खडूने खूण करून ठेवा आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. किलोभराच्या लाकडाचं वजन आठवड्यात दहा ग्रॅमहून कमी उतरायला लागलं, की त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं ते वाळलं.

मेमधल्या वळिवाची भीती अनाठायी आहे. अर्धा तास सर आली तर वाळलेलं लाकूड वरवर भिजतं आणि दोन उन्हांत कोरडं होतं. नुकसान होतं ते त्या ओल्या रचाईवर घाईने ताडपत्री ओढून ती चारी बाजूंनी दगडांनी दाबल्यावर. दुसऱ्या दिवशी ऊन तापतं, आतली वाफ प्लास्टिकला आतून धरते आणि रात्री थेंबाथेंबाने पुन्हा लाकडावर पडते. सर येणार असेल तर फक्त माथा झाका, बाजू उघड्या राहू द्या.

विकत घेणाऱ्यांसाठी एक हिशोब. शंभरामागे ६० ओलावा असलेलं १,००० किलो लाकूड घेतलं तर त्यात सुकं लाकूड ६२५ किलो आणि बाकी पाणी. २० वर येईपर्यंत त्याचं वजन ७५० किलो उरतं. पाव टन पाण्याचे पैसे दिले आणि टेम्पोचं भाडंही दिलं. म्हणून वजनावर घेण्यापेक्षा रचून, लांबी-रुंदी-उंची मोजून भाव ठरवा.

जागा आणि रचाई

किती लाकूड लागेल ते अंदाजाने सांगू नका, तीन दिवस रोजचं लाकूड तोलून बघा. समजा दिवसाला ५ किलो लागतं, तर १२० दिवसांना ६०० किलो. ऐन-बाभळीसारखं कठीण लाकूड नीट रचलं की घनमीटरला साधारण ४५० ते ५०० किलो बसतं. म्हणजे सव्वा ते दीड घनमीटर, थोडक्यात दोन मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि प्रत्येकी सव्वा-दीड फूट रुंदीच्या दोन ओळी करून थोडी जागा उरते. आंब्याचं किंवा हलकं लाकूड असेल तर दीडपट जागा धरा. आंघोळीचं पाणी चुलीवर तापत असेल तर त्याचा हिशोब वेगळा करा. पावसाळ्यात तो स्वयंपाकाच्या बरोबरीने जातो.

साठा खोलीत भरायची सवय असेल तर हे ध्यानात घ्या: ५० ओलाव्याचं ६०० किलो लाकूड २० वर येताना १२० लिटर पाणी हवेत सोडतं. बंद खोलीत ते पाणी भिंतींना, तांदळाच्या कणगीला आणि लाकडांनाच परत लागतं. म्हणून वाळवण बाहेरच उरका. पावसाळी साठ्यासाठी खोलीपेक्षा मांगराची (घराबाहेरच्या गोठ्या-कोठाराची) मोकळी पडवी किंवा एकपाखी, म्हणजे एकाच उताराच्या छपराची, खोप बरी.

खोप घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला घ्या. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि झड त्याच बाजूने मारते. तळाला जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन रांगा, त्यांवर लोखंडी पाइप किंवा सिमेंटचे खांब आडवे टाकून जमिनीपासून निदान नऊ इंच ते फूटभर उंची मिळवा. अंगण शेणाने सारवलेलं असो की लादीचं, पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचे शिंतोडे फूट-दीड फूट उडतात. ती रेघ भिंतीवर चिखलाच्या डागांनी उमटलेली दिसते, ती बघून उंची ठरवा. खोपीखाली चार इंच खडी पसरली की शिंतोडे निम्म्याने कमी होतात. पत्र्याची पाखी पश्चिमेकडे दोन फूट बाहेर हवी. त्याच बाजूला झावळीच्या झापांची ताटी उभी करा, पण ती लाकडांना चिकटू न देता वीतभर लांब, आणि वरून व खालून फूटभर मोकळी. झाप झड अडवतो आणि वारा जाऊ देतो. प्लास्टिक दोन्ही अडवतं.

घराच्या भिंतीपासून रचाई सहा इंच लांब ठेवा. लाकडांची टोकं वाऱ्याच्या दिशेने येतील अशी मांडा. छातीपेक्षा उंच रचू नका. पावसाळ्यात खालचे चिरे थोडे खचतात आणि उंच रचाई पोरांच्या अंगावर येते. दोन्ही टोकांना आडव्या-उभ्या रचाईचे खांब केले की मधलं सरकत नाही, खुंट्या मारायची गरज पडत नाही.

एवढं करूनही श्रावणात मऊ पडतं, ते का

कारण लाकूड हवेशी देवाणघेवाण करत राहतं. मेमध्ये दुपारी हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा लाकूड ११-१२ वर स्थिरावतं. आर्द्रता ८० टक्के झाली की तेच लाकूड १६ कडे जातं आणि ९० टक्के हवेत २० वर. छतातून एक थेंब गळला नाही तरी हे होणारच. जाड लाकडाला त्यासाठी काही आठवडे लागतात, म्हणून जूनमध्ये छान जळणारं लाकूड ऑगस्टमध्ये हट्टीपणा करतं. मेमध्ये १२ वर असलेलं लाकूड श्रावणात १८-२० पर्यंत चढतं आणि तरीही पेटतं. मेमध्येच २५ वर असलेल्याला मात्र खाली यायला वावच मिळत नाही.

यावर उपाय दोन टप्प्यांचा, आणि जुन्या घरांत तो होताच. मोठा साठा खोपीत, आणि आठवड्याभराचं लाकूड चुलीच्या वरच्या ताटीवर. बांबूच्या किंवा लोखंडी सळ्यांच्या या ताटीवर धुराची ऊब लागून लाकूड चार-पाच दिवसांत पुन्हा कडक होतं. ताटी आचेपासून निदान चार फूट उंच हवी आणि तिच्यावर पातेरा (वाळका पाला), नारळाची सोडणं (काथ्याची सालं) किंवा कागद ठेवायचा नाही. ठिणगी लाकडाला सहज पेटवत नाही, पण सोडणाच्या काथ्याला पेटवते. घरात ताटी नसेल तर चुलीच्या मागे, हातभर अंतरावर, तीन दिवसांचं लाकूड उभं करून ठेवा आणि जुनं आधी वापरायचा क्रम मोडू नका.

बुरशी

हिरवट-काळी, बोटाने पुसली जाणारी बुरशी वरवरची असते. ती ओलाव्याची सूचना आहे, लाकूड खराब झालेलं नाही. ते लाकूड उन्हात किंवा ताटीवर वाळवा आणि झटकताना नाकाला फडकं बांधा. पांढरे धागे, कानासारख्या अळंब्या, किंवा विळ्याचं टोक सहज रुतेल असा मऊपणा दिसला तर लाकूड कुजायला लागलं आहे. कुजीला लाकडात ३० च्या आसपास ओलावा लागतो. नुसत्या दमट हवेने लाकूड तिथवर जात नाही, म्हणजे कुठूनतरी प्रत्यक्ष पाणी लागतं आहे: तळाची ओल, पत्र्याचं भोक किंवा प्लास्टिकखालचे थेंब. कुजलेलं लाकूड वाळवलं तरी त्यातलं जळण गेलेलं असतं. ते हलकं लागतं, भुरकन पेटतं आणि पातेलं तापायच्या आत संपतं. तेवढी लाकडं वेगळी काढून टाका आणि पाणी कुठून येतं ते शोधा.

पिठासारखा भुगा

टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड, ही भुंगेऱ्यांची खूण. त्यांच्या अळ्या लाकडातला पिष्टाचा साठा खातात आणि तो सालीलगतच्या फिकट भागात असतो. म्हणून आंबा, सावर, पांगारा, रबर आणि बांबू यांची चाळण होते, तर ऐनाचा किंवा बाभळीचा गडद गाभा तसाच राहतो. साल ठेवलेलं लाकूड जास्त पोखरलं जातं, कारण सालीखाली किड्यांना लपून अंडी घालता येतात. फोडताना साल सुटत असेल तर काढाच. ती वेगळी वाळवा, आच लावायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

अमावास्येच्या तोडीला घूण लागत नाही, असं सगळीकडे सांगतात. तिथीपेक्षा लवकर फोडणं, साल काढणं आणि लवकर वाळवणं यांनी जास्त फरक पडतो. या तिन्ही गोष्टी केल्या असतील तर तोड कोणत्याही पक्षातली चालेल. भुगा पडायला लागलेली लाकडं आधी जाळा आणि तोवर घरापासून दूर ठेवा. तीच लाकडं माळ्यावर ठेवली तर पुढची पाळी वाशांची आणि बांबूच्या कामट्यांची. कीटकनाशक फवारू नका. ते लाकूड उद्या चुलीत जाणार आणि त्याचा धूर घरातली माणसं घेणार. जळक्या इंजिन ऑइललाही हाच नियम.

वाळवी

वाळवी जमिनीतून येते आणि मातीच्या नळीतून चढते, उघड्या हवेत ती टिकत नाही. म्हणून तिला अडवणं म्हणजे तिचा रस्ता डोळ्यांसमोर आणणं. चिऱ्यांच्या रांगेवर पत्र्याची पट्टी टाकून कडा दोन इंच बाहेर, खाली वाकवलेली ठेवा. तिला पट्टीला वळसा घालून बाहेरून यावं लागतं आणि नळी लगेच दिसते. दर पंधरा दिवसांनी तळाशी बॅटरी मारून बघा, दिसलेली नळी मोडा, तिथलं लाकूड हलवा. खोपीखाली पडलेल्या ढलप्या, सालीचे तुकडे, जुनी कुजकी खुंटं झाडून काढा, कारण वाळवी आधी तिथे जम बसवते. राखेचा थर पहिल्या पावसात भिजून निकामी होतो. कडुलिंबाच्या पाल्यावरही भिस्त ठेवू नका. आणि लाकडांचा थेट जमिनीवर टेकलेला एक जरी तुकडा राहिला, तरी पत्र्याची पट्टी लावून काही उपयोग नाही.

साप आणि विंचू

जांभ्याच्या पट्ट्यात फुरशांचा वावर असतो आणि लाकडांच्या फटी त्यांना मानवतात. उंदीर आला की मागून नाग-घोणसही येतात. अंधारात हात घालून लाकूड काढू नका. आधी काठीने ठोका, बॅटरी मारा आणि वरच्या थरापासून क्रमाने काढा. मधून ओढायचं नाही. खोपीजवळ धान्य किंवा कोंड्याचं पोतं ठेवू नका. दंश झालाच तर दोरी आवळणं, चिरणं यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

आत्ता जुलै चालू आहे आणि सगळं ओलं आहे

मोठा साठा वाळवायचा नाद सोडा. रोजच्यापुरतं लाकूड बारीक फोडा, अंगठ्याएवढ्या ढलप्या करा आणि स्वयंपाक झाल्यावर चूल तापलेली असते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला उभ्या करून ठेवा. दोन दिवसांत त्या पेटण्याजोग्या होतात. रोज उद्यासाठी नव्हे, परवासाठी फोडायचं. पेटवताना करवंट्या वापरा. त्या ओलावा फारसा धरत नाहीत आणि त्यांची आच जोरकस असते. सोडणं मात्र पाणी पितात, ती ताटीखालच्या कोरड्या जागीच हवीत. रॉकेल आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी पेट घेतल्यासारखं दिसतं, ओलं लाकूड मात्र तसंच राहतं आणि धूर विषारी होतो. पाऊस दोन दिवस उघडला तर खोपीच्या पश्चिमेची ताटी काढून वारा खेळू द्या, संध्याकाळी परत लावा.

दोन-तीन वर्षांसाठी ठेवायचं असेल तर

खोपीचे दोन भाग करा, एक चालू वर्षाचा आणि एक पुढच्या वर्षांचा, आणि टोकाच्या लाकडावर चुन्याने वर्ष लिहा. ऐन, किंजळ, बाभूळ, सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ हे पुढच्या वर्षांच्या भागात. आंबा, काजू, ग्लिरिसिडिया, सावर, पांगारा त्याच वर्षी संपवा, दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचा भुसाच हाती येतो. ऐन, किंजळ, आंबा, फणस अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ खाली तोडीआधी परवानगी लागते. ती जानेवारीत हवी असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास टाका.

कुंपणातून छाटलेली कण्हेर साठ्यात मिसळू देऊ नका, तिचं लाकूड आणि धूर दोन्ही विषारी. बिब्ब्याचं लाकूड तोडीत आलं असेल तर तेही वेगळं काढा. त्याच्या चिकाने अंगाला फोड येतात आणि धुराने डोळे सुजतात. रंग किंवा पॉलिश लावलेल्या जुन्या चौकटी आणि प्लायवूडचे तुकडे सरपणात धरूच नका, अगदी न्हाणीच्या चुलीसाठीसुद्धा.